वरचा दात

मंगळवारी दुपारी जेवण संपत आलं असताना राहीबाईच्या जिभेला वर डावीकडं काहीतरी टोचलं. तांदळातला खडा असेल असं वाटून तिनं घास तोंडातच थांबवला आणि खडा पुढं आणायला जीभ फिरवली. खडा हलेना. घास गिळून झाला, चूळ भरून झाली, तरी तो होता तिथंच होता. मग पडवीत येऊन, भिंतीकडं तोंड करून तिनं बोट आत घातलं. हिरडीतून कणीएवढं काहीतरी टणक बाहेर आलं होतं आणि त्याला टोक होतं. बोट काढून तिनं पदराला पुसलं. आत झोळीत नातू झोपला होता. तिनं तिकडं पाहिलं, आणि पाहू नये ते पाहिल्यासारखी नजर काढून घेतली.

गेलं दीड वर्ष तिच्या तोंडात एकही दात नव्हता. वय अठ्ठावन्न. मिसरीनं हिरड्या आधीच सैल झालेल्या, आणि दात एकामागून एक, फारसा त्रास न देता गेले होते. भाकरी कालवणात भिजत ठेवायची, भात मऊ करून घ्यायचा, बोलताना ओठ आत ओढले जातात तिकडं लक्ष द्यायचं नाही, हे सगळं अंगवळणी पडलं होतं. नातवाला, पांडूला, मात्र तेरावा महिना लागला तरी एक दात नव्हता. चवदार तळ्यामागच्या त्या आळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायका येता-जाता विचारायच्या, आणि सून चंद्रभागा येतील येतील म्हणत पुढं व्हायची. तिची पहिली मुलगी सातव्या महिन्यात तापानं गेली होती. तेव्हापासून या घरात मुलाच्या अंगावरची गोष्ट कुणी सहज पाहत नसे. रोज सकाळी आंघोळ घालताना राहीबाई ओल्या बोटानं त्याच्या दोन्ही हिरड्या चाचपायची, आणि चुलीशी बसलेली चंद्रभागा न विचारता तिच्या तोंडाकडं बघायची. राहीबाई मान हलवायची. आणि आता घरात दात आला होता. तो चुकीच्या तोंडात आला होता.

आला तरी कसा म्हणायचा, तिनं तो मागून घेतला होता. हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या माहेरी, कापड्याला, पडलेल्या दाताचं काय करायचं याला नियम होता. पोराचा दुधाचा दात शेणाच्या गोळीत घालून घराच्या छपरावर टाकायचा, आणि छपरातल्या उंदराला सांगायचं की माझा जुना घे, तुझा नवा दे. म्हाताऱ्या माणसाचा दात नदीला द्यायचा, नाहीतर चिंधीत बांधून ठेवायचा आणि माणूस गेलं की त्याच्याबरोबर जाळायचा. म्हाताऱ्याचा दात छपरावर टाकत नाहीत. मागच्या आधीच्या पावसाळ्यानंतर तिचा शेवटचा दात भाकरीबरोबर हातात आला, तेव्हा घरात कुणी नव्हतं. चंद्रभागा पोटुशी, नाते गावी भावाच्या घरी गेलेली. मुलगा कुशाबा मोटारीवर. परसात गोठ्यापाशी ती एकटी उभी होती, ऊन छान पडलं होतं, पायाशी ताजं शेण होतं. का ते तिला आजही सांगता आलं नसतं. तिनं वाकून शेणाची गोळी केली, दात आत दडपला, आणि नऊ वर्षांच्या पोरीसारखा हात मागं नेऊन तो कौलांवर फेकला. ते शब्दही म्हटले. मग स्वतःशीच हसली, हात धुतले, आणि विसरून गेली. पांडू त्यानंतर पाच महिन्यांनी झाला.

कौलावरचा उंदीर नवा दात आणतो तो कुठून, हा प्रश्न लहानपणी पडत नाही. आता पडला. रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. आणि या प्रश्नाच्या मागून हैबतीबुवा मनात आला. तो येणार हे तिला मंगळवारी दुपारीच कळलं होतं. ती त्याला तीन दिवस अडवून धरत होती एवढंच. ती दहा वर्षांची असताना कापड्याच्या वरच्या वाडीत हैबती नावाच्या म्हाताऱ्याला पुन्हा दात आले. किती आले यावर गावात वाद होता. कुणी दोन म्हणे, कुणी पाच. त्या पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या घरातली तीन नातवंडं पटकीनं गेली. पटकी सगळ्या खोऱ्यात होती, ज्या घरांतले म्हातारे बोळके होते त्या घरांतलीही पोरं गेली होती, पण ती मोजायला कुणी बसलं नाही. म्हाताऱ्याला दात आले की तो घरातलं कोवळं खातो, हे आधीपासून ठरलेलं होतं. हैबतीला गोठ्यात ठेवला. त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं असे, आणि जेवण लांबून सरकवत. रानात गुरं घेऊन जाताना राहीनं एकदा त्याला हातातली कैरी दिली. त्यानं फडकं खाली ओढलं आणि कैरी चावली. तो कचकन आवाज, आणि त्याच्या चेहऱ्यावर आलेलं सुख. डोळे मिटून, मान थोडी वर करून, तो म्हातारा कैरी खात होता आणि आंबटपणानं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढं चार दिवसांनी लोहाराला बोलावून त्याचे दात काढले. तो आवाज तिनं ऐकला नव्हता, ऐकलेल्यांनी सांगितला होता. उरलेली दोन नातवंडं जगली. म्हणजे खरंच होतं, असं गाव म्हणालं.

तिला सर्वांत जास्त भीती वाटत होती ती त्या सुखाची, कारण ते तिलाही झालं होतं. चौथ्या दिवशी तिनं डब्यातून खोबऱ्याचा तुकडा घेतला, परसात गेली, आणि तो त्या टोकाखाली धरून बोटांनी दाबला. एका दातानं काही चावता येत नाही, पण दात रुतला. खोबऱ्याचा पातळ कीस निघाला आणि जिभेवर तेल सुटलं. दीड वर्षात कुठलीच गोष्ट तिच्या तोंडात तुटली नव्हती. ती किती वेळ तशी उभी राहिली कोण जाणे. भानावर आली तेव्हा आत पांडू रडत होता. तुकडा तिनं घाईनं गोठ्याच्या फळीवर ठेवला. त्याच्यावर एक उभी, स्वच्छ खूण होती. संध्याकाळी तो टाकून द्यायला गेली, तर फळीवर तुकडा नव्हता.

त्याच संध्याकाळी चंद्रभागेनं मूल तिच्या हातून काढून घेतलं. आंघोळ मीच घालते, म्हणाली. राहीबाईनं विचारलं नाही का म्हणून. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पांडू आजीकडं झेपावला तर चंद्रभागेनं त्याचं तोंड स्वतःच्या खांद्याशी दाबून धरलं, आणि त्याच्यावर पदर ओढला. तिची नजर राहीबाईच्या नजरेला भिडली आणि बाजूला झाली. त्या नजरेत भीती होती. राहीबाईनं ती ओळखली. हैबतीच्या सुनेच्या डोळ्यांत ती तिनं पाहिली होती. खोबऱ्याचा तुकडा कुणी उचलला ते तिला कळलं. ती बोलायची कमी झाली. बोलावं लागलंच तर तोंडावर पदर धरून बोलायची. बाहेर तळ्याच्या खटल्याचं बोलणं चालायचं, शिमगा पंधरा दिवसांवर आला होता, घरातल्या दोन बाया मात्र एकमेकींपासून तोंड लपवत एका चुलीभोवती वावरत होत्या, आणि कुशाबाला यातलं काही दिसत नव्हतं.

कुशाबा पोलादपूरच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. आधी सहा वर्षं मुंबईला काढली होती, त्यामुळं त्याला कुठल्याही नव्या गोष्टीचं नवल वाटत नसे, तिची घाई मात्र असे. रविवारी तो जेवायला बसला तोच बातमी घेऊन. मुंबईचा दातांचा डॉक्टर महाडात आला होता, बाजारात कापडाच्या दुकानावर माडी घेतली होती, महिन्यातले चार दिवस बसणार होता. पोलादपूरच्या एका खोताची कवळी त्यानं करून दिली होती आणि खोत मोटारीत सगळ्यांना ती काढून दाखवत होता.

"आये, तुझं माप देऊन येऊ," तो म्हणाला. "एकदम फर्स्टक्लास काम. वरचा जबडा येगळा, खालचा येगळा. चणे खाशील."

तिनं पदराआडून विचारलं, "कोनाचे असतात रे ते दात?"

"कोनाचे असनार? चिनीमातीचे. कपबशीसारखे. फुटले तर कानात किणकिण वाजतील." तो आपल्याच विनोदावर हसला. मग म्हणाला, "डॉक्टर तर काय सांगतो, ही कवळी काय खरी नाय. पुढं असं येनार हाय की भाताचं रोप लावतात तसा हिरडीत दात लावतील, आन तो वाढंल. म्हातारा कोन ऱ्हानारच नाय."

तो हे गंमत म्हणून सांगत होता.  चाळीस पावसाळे राहीबाईनं चिखलात वाकून भात लावला होता. रोप आकाशातून येत नाही. लावायचं तर ते आधी दुसऱ्या वाफ्यातून उपटावं लागतं, आणि ज्या वाफ्यातून उपटलं तो वाफा रिकामा होतो. तिनं वर पाहिलं. चंद्रभागा ताटात आमटी वाढत होती, आणि तिच्या कडेवर पांडू, तोंड पदरात झाकलेला. राहीबाई म्हणाली, मला नको कवळी. कुशाबाला राग आला. लोकांच्या आया मागतात, मी देतोय तर नको. ती नकोच म्हणत राहिली, इतक्या वेळा की शेवटी तो ताटावरून उठला, आणि जाताना म्हणाला की तोंड उघडून दाखवायला काय जातं तुझं.

सोमवारी सकाळी पांडूला ताप आला. फार नव्हता, हात लावला तर कळायचा, इतकाच. चंद्रभागा त्याला घेऊन कोपऱ्यात बसली होती, भिंतीला पाठ लावून, आणि राहीबाई जवळ गेली तशी ती भिंतीत आणखी शिरली. राहीबाई थांबली. ती म्हणाली, बाजारात जाऊन येते, आणि डोक्यावरून पदर घेऊन बाहेर पडली. उन्हं चढली होती. कापडाचं दुकान तिच्या घरापासून पाच मिनिटांवर, पण ती दोनदा दुकान ओलांडून पुढं गेली. तिसऱ्या खेपेला जिना चढली. वर एक उंच खुर्ची होती, पायानं फिरवायचं एक चाक होतं, आणि काचेच्या भांड्यात औषधाच्या पाण्यात बुडवलेली एक लाल कवळी, कुणाचं तरी तोंड नसलेलं हसू. तिकडं पाठ करून ती बसली. डॉक्टर तरुण होता, चष्म्याचा, पुण्याकडचं बोलणारा. कवळी करायची का, त्यानं विचारलं. तिनं पदर बाजूला केला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर तोंड उघडलं.

तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं तिच्या हातात लहान आरसा दिला आणि दुसऱ्या, दांडीच्या आरशानं आतला दात दाखवला. तिनं तो तोवर पाहिला नव्हता. तिला वाटलं होतं, वाईट काहीतरी असेल. वाकडा, काळा, जनावराचा. सुळा होता. पांढरा, किंचित पिवळसर, ओला, आणि मिसरीचा एक डाग नसलेला. तिच्या सुरकुतलेल्या, पडलेल्या तोंडात तो दात बारा वर्षांचा होता.

"आजी, लहानपणी इथला दुधाचा दात पडला, आणि त्या जागी नवा आलाच नाही, असं झालं होतं का?"

झालं होतं. डाव्या बाजूला फट राहिली होती. मुली चिडवायच्या की राहीचा दात उंदरानं पचवला. तिनं रोज सकाळी जीभ लावून पाहिली होती, वर्षभर तरी. मग लग्न झालं आणि ती फट तिच्या चेहऱ्याची होऊन गेली. डॉक्टर सांगत होता: तो दात तेव्हापासून आतच होता. जबड्याच्या हाडात आडवा पडून राहिला, बाहेर यायला जागा नव्हती. आता बाकीचे गेले, हिरडी झिजली, तेव्हा त्याला वाट मिळाली. नवा वगैरे काही नाही. तुमचाच दात, उशिरा आलेला.

तिनं त्याला सांगितलं, काढा.

तो हसला. लोक माझ्याकडं दात घालायला येतात, म्हणाला. इतका निरोगी दात त्यानं गेल्या वर्षात पाहिला नव्हता. पुढं कवळी केली तर ती याच्याच आधारानं घट्ट बसेल. तिनं पुन्हा म्हटलं, काढा. दुखतो का? नाही. मग का? डॉक्टर खरं बोलतोय हे तिला पटलं होतं. सगळं जुळत होतं: फट, उंदीर, ते वर्षभराचं वाट पाहणं. कापड्याच्या छपरावर टाकलेल्या दाताचा जबाब सत्तेचाळीस वर्षांनी आला होता, आणि तो येताना कुणाच्याही वाफ्यातून काही उपटलं नव्हतं. हे तिला खुर्चीत बसल्या बसल्या स्वच्छ कळलं. कळल्यानं भीती तसूभर कमी झाली नाही. डॉक्टरचं खरं असलं आणि तिनं दात काढला, तर एक दात जाईल. डॉक्टरचं चुकलं आणि तिनं दात ठेवला, तर काय जाईल, ते घरी कोपऱ्यात ताप घेऊन पडलं होतं. पहिल्या नातीच्या वेळीही सगळे म्हणाले होते, काही नाही, साधा ताप आहे.

"परत येल काय?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "माणसाला दोनदाच मिळतात, आजी. हा तुमच्या दुसऱ्या खेपेतला शेवटचा."

त्यानं सुई टोचली. ओठ जड झाला, मग गाल, मग नाक. दुखलं नाही. फक्त डोक्याच्या आत, कानाच्या मागं कुठंतरी, लाकूड पिळल्यासारखा आवाज झाला, आणि तिच्या लक्षात आलं की ऐकलेल्यांनी सांगितलेला तो हाच आवाज. दाताचं मूळ लांब होतं, बाहेर दिसत होता त्याच्या तिप्पट. त्यानं तो धुऊन कागदात गुंडाळून दिला. तोंडात कापूस ठेवला आणि दोन तास बोलू नका म्हणाला. पुडी पदराच्या टोकाला बांधून ती जिना उतरली. कापसाला लोखंडासारखी चव होती. बाजारात कुणी पेरूंचा हारा लावला होता, हिरवे, कडक. त्याच्यावरून नजर जाताना तिच्या जिभेनं आपसूक ती जागा शोधली आणि तिथं कापूस लागला.

घरी चंद्रभागा उंबऱ्यात बसली होती. पांडूचा ताप उतरला होता. तो तिच्या मांडीवर गूळ चाखल्यासारखं आपलंच बोट चोखत होता. राहीबाईच्या ओठाला लागलेलं रक्त पाहून चंद्रभागा उठली. आत्या, कुठं पडलात, म्हणाली. राहीबाईनं डोकं हलवलं. मग तिच्यासमोर बसून तिनं पदराची गाठ सोडली आणि पुडी उघडून दाखवली. काढला, ती जड जिभेनं म्हणाली. आता पोराला दे.

चंद्रभागा कागदातल्या दाताकडं पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती आली नाही, सुटकाही आली नाही. तिला काही कळतच नव्हतं.

"कोनाचा दात हा?"

"माजा. तुला म्हाईत नव्हतं? खोबऱ्याचा तुकडा तू उचलला नाय?"

"कसलं खोबरं, आत्या?"

राहीबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग पोर का लपवतेस, तिनं विचारलं. एवढंच विचारलं, आणि चंद्रभागा रडायला लागली. आवाज न करता, तोंड वासून, चार दिवस धरून ठेवलेलं रडतात तशी. तिनं पांडूला सरळ बसवलं आणि अंगठ्यानं त्याचा वरचा ओठ उचलला. हिरडीत दोन पांढऱ्या रेघा होत्या, तांदळाच्या कणीसारख्या, शेजारी शेजारी.

"वरचे आधी आले," ती म्हणाली. "शुक्रवारपासून दिसतायत. मला एकच भाऊस हाय."

पोराचे वरचे दात आधी आले तर मामावर येतं. हे महाडात, पोलादपुरात, नाते गावात, कुणाला सांगावं लागत नव्हतं. चंद्रभागेचा भाऊ सोनबा मुंबईला गिरणीत होता, साच्यावर. आई-बाप गेल्यावर त्यानंच तिचं लग्न लावलं होतं. माहेर म्हणून जे काही होतं ते त्या एका माणसाचं होतं. तिनं हे घरात सांगितलं असतं तर ते आळीत गेलं असतं, आळीतून नात्याला, आणि नात्याहून सोनबाच्या बायकोच्या कानावर. म्हणून तिनं मुलाचं तोंड पदरात धरलं होतं. राहीबाई सकाळी जिना चढली, तेव्हा त्या मुलाला दात येऊन तीन दिवस झाले होते.

तिनं कापूस थुंकला. न बोलायचे दोन तास अजून झाले नव्हते. ती काही नाही म्हणू शकली असती: अगो, दाताचं काही नसतं, डॉक्टर सांगतात हाडात असतो तो बाहेर येतो. हे तिच्या ओठापर्यंत आलं. पण असं म्हणणाऱ्या बाईच्या हातात कागदाची पुडी होती, आणि चंद्रभागा त्या पुडीकडंच पाहत होती. सासूनं स्वतः ज्याचं भय घेतलं, ते खोटं आहे असं तिच्याच तोंडून कोण ऐकेल. राहीबाईनं पुडी मुठीत घेतली. दुसऱ्या हाताचं बोट पाण्याच्या तांब्यात बुडवलं आणि नेहमीसारखं पांडूच्या तोंडात घातलं. वरच्या दोन रेघा लागल्या, धारदार. मग बोट खाली नेलं. खालची हिरडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुळगुळीत होती.

"खालचा आधी आलाय," ती म्हणाली. "इथं. आतून वर आलाय, हिरडीच्या कातड्याखाली. मला गेल्या बुधवारीच लागला होता बोटाला."

"खरं?"

"मी पोरं वाढवलीत गो, चंद्रे. बुधवार आधी का शुक्रवार आधी?"

चंद्रभागेनं स्वतः बोट घालून पाहिलं. तिला काय लागलं ते तिचं तिला ठाऊक. ती मान हलवत राहिली, आणि हळूहळू तिचा श्वास खाली बसला. मग तिनं पदरानं डोळे पुसले, पोर सासूच्या मांडीवर टाकलं आणि चुलीकडं गेली. पांडूनं आजीच्या तोंडात हात घातला, तिनं घालू दिला.

दात तिनं नदीला दिला नाही, चिंधीत बांधला नाही, कौलावर तर नाहीच. कुठं टाकावा हे ठरेना, म्हणून ती पुडी अजून तिच्या पदराला असते. कुशाबानं पुढच्या महिन्यात माप द्यायला नेलं तेव्हा ती गेली. आता दाखवायला हरकत नव्हती. कवळी व्हायला वेळ आहे. दुपारी चारच्या सुमाराला मुंबईचं टपाल आळीत येतं. आधी तिला त्या वेळेचं काही नव्हतं. आता तीनपासून ती पडवीत येऊन बसते, आणि पोस्टमनच्या चपलांचा आवाज तळ्याच्या कोपऱ्यावर आला की तिची जीभ वर, डावीकडं जाते, आणि तो घर ओलांडून पुढं जाईपर्यंत त्या रिकाम्या जागेवरून हलत नाही.